कार्डांवरचं कुंकू

मला घाण सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं ते सगळं त्यातूनच घडलं. निगडीतल्या आमच्या घरात पंख्याची पाती दर रविवारी मीच पुसतो. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि हा माणूस अंतरपाटावरचा डाग बघत होता. ते खरं आहे. डाग होता.

माझा धंदा जुन्या कॉम्प्युटरांचा. विकण्याचा नव्हे, जगवण्याचा. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत अशी कितीतरी मशिनं आहेत जी अजून धडधाकट आहेत, पण त्यांना चालवणारा कॉम्प्युटर मात्र शेवटच्या घटका मोजतोय. नवा कॉम्प्युटर जोडावा तर मशिनीचा जुना प्रोग्राम त्यावर चालत नाही, आणि प्रोग्राम नव्याने लिहून घ्यावा तर तो लिहिणारी कंपनीच केव्हाची बंद पडलेली असते. अशा वेळी मी नव्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर बसवतो. एम्युलेटर हाही एक प्रोग्रामच, पण तो जुन्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेतो. मशिनीचा प्रोग्राम त्याच्यात जाऊन बसतो आणि आपण आपल्या जुन्याच घरी आहोत असं समजून कामाला लागतो.

मागच्या उन्हाळ्यात मला चाकणच्या एका गिअर कारखान्यातून बोलावणं आलं. कारखान्याच्या मागच्या बाजूला एक थंड खोली होती, दाराला दुहेरी पडदे, आत गिअर मोजायचं मशीन. गिअर तबकडीवर ठेवायचा, माणकाचा बारीक खडा बसवलेली सुई त्याच्या एकेका दाताला स्पर्श करत जाते आणि कोणता दात किती चुकलाय ते कागदावर रेघ काढून दाखवते. त्याला जोडलेलं वर्कस्टेशन, म्हणजे त्याला चालवणारा कॉम्प्युटर, कधीकाळी पांढरं असावं. त्याची डिस्क सुरू होताना अशी किंचाळायची की दारातला शिपाई आत डोकावायचा.

मशिनीसमोर उंच स्टुलावर एक बाई बसलेल्या असायच्या. सगळा कारखाना त्यांना ताई म्हणायचा, मीही म्हणू लागलो. ताई कासारवाडीच्या, सासर-माहेर दोन्ही तिथलंच. कारखाना चिंचवडला होता तेव्हा त्या नोकरीला लागल्या, आणि मशीन चाकणला हललं तेव्हा त्याच्यामागोमाग हलल्या. आयुष्यभर त्यांनी हे एकच मशीन चालवलं. बोलायला एकदम मोकळ्या, पण सुई फिरत असली की तोंडाला कुलूप. गुडघे पार गेलेले, त्यामुळे स्टुलावरून उतरायचं म्हणजे टेबलाचा आधार घेऊन, तोंडाने 'आई गं' म्हणत.

प्लांटचे साहेब तरुण होते, माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यावरही वरून दट्ट्या होता. त्यांनी मला ताईंच्या समोरच सांगितलं, "मंगळवार आहे आज. शनिवारी भंगारवाला येतोय. तोपर्यंत मशीन तुमच्या नव्या कॉम्प्युटरवर चाललं तर राहील. नाहीतर मोजमाप बाहेरून करून घेऊ आणि ही खोली पॅकिंगला देऊ."

"मग ताई?" मी विचारलं.

"ताईंना पॅकिंगलाच घेऊ. नोकरी कुठे जात नाही."

पॅकिंग म्हणजे आठ तास उभं राहणं. साहेब गेल्यावर ताई स्टुलाच्या गादीवरचा दोरा ओढत बसल्या. मग म्हणाल्या, "मार्चात रिटायर हाय मी. तवर बसून काडले आस्ते दिवस." मला ही बाई त्याच क्षणी आवडली, आणि आता हे काम फसता कामा नये असं मी मनाशी ठरवलं.

पहिला दिवस त्यांनी मला प्रश्न विचारण्यात घालवला. सोंग म्हणजे काय, जुन्याचं नव्याला कळतं कसं. मी पत्त्यांवरून सांगायला घेतलं. मशिनीचा प्रोग्राम आपल्या अवयवांना नावाने ओळखत नाही, पत्त्याने ओळखतो. सुईला आडवं नेणारा भाग म्हणजे आडवी सरक, ती या पत्त्यावर, उभी सरक त्या पत्त्यावर, गोल तबकडी तिसऱ्या, सुई चौथ्या. प्रत्येक पत्त्यावर सर्किटचं एकेक कार्ड बसलेलं असतं, आणि ते कार्ड त्या अवयवाशी तारेने बोलतं. आमच्या निगडी प्राधिकरणात कसं, सेक्टर अमुक, प्लॉट तमुक, डोळे मिटून माणूस पोचतो. ह्या जातीच्या वर्कस्टेशनची खोड अशी की पत्ता कार्डावर लिहिलेलाच नसतो. कार्ड ज्या खाचेत बसेल, त्या खाचेचा पत्ता त्याला मिळतो.

"म्हंजी आमच्या कासारवाडीवानी," ताई म्हणाल्या. "घराला नंबर न्हाई. गिरणीच्या मागं जो ऱ्हाईल त्यो गिरणीमागचा."

"तसंच. आता तो जुना डबा जाणार. एम्युलेटर त्याच चार पत्त्यांवर कान देऊन बसणार. प्रोग्रामने पत्ता पुकारला की एम्युलेटर ते बोलणं पकडणार आणि खऱ्या कार्डाकडे पाठवणार."

ताईंनी थोडा विचार केला. "म्हंजी मालक गेला, पन प्रोग्रामला सांगायचं न्हाई. त्याच्या नावानं हाक आली की दुसऱ्यानं ओ द्यायची."

मी वीस वर्षं हे काम करतोय, इंजिनियर लोकांना फळ्यावर चौकोन काढून समजावतो. इतक्या थोडक्यात मला स्वतःला कधी सांगता आलेलं नाही.

बुधवारी मी वर्कस्टेशन उघडलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. आत कितीतरी वर्षांची धूळ, तेलाचा चिकटा, आणि चारही कार्डांच्या पत्र्याच्या पट्टीवर लाल-पिवळे डाग पडलेले. खंडेनवमीला मशिनींची पूजा होते हे मला माहीत आहे, माझ्या स्वतःच्या पेचकसांना मी फूल वाहतो. पण विजेच्या कार्डाला हळदकुंकू? मी मनातल्या मनात सगळ्या कारखान्याचा उद्धार केला. सवयीप्रमाणे मोबाइलवर फोटो काढले, चारही कार्डं बाहेर काढली, पिशवीत भरली आणि घरी आणली.

दुपारभर आमच्या गॅलरीत माझा कार्यक्रम चालला. मऊ ब्रश, कार्डं धुवायचं द्रव, लहान टब. चारही कार्डं एका टबात, मग चारही एका ओळीत चटईवर वाळत. बायको म्हणाली, "कुरडया घातल्यात का?" संध्याकाळपर्यंत कार्डं अशी लखलखीत झाली की जणू आजच नवी बनवून आली असावीत. मला फार समाधान वाटलं. चारही कार्डं दिसायला अगदी सारखी होती, हे मी कौतुकाने बघत होतो आणि त्यात काही धोका आहे हे माझ्या गावीही नव्हतं.

गुरुवारी ती एका वेगळ्या पेटीत बसवली. ही पेटी चिखलीकडच्या एका भंगारवाल्या चाचांकडून मागेच आणलेली, जुन्या खाचांची, नव्या कॉम्प्युटरला वायरने जोडता येणारी. चाचा आणि मी जुने दोस्त. शनिवारी हे मशीन उचलायला येणारा भंगारवाला म्हणजे तेच चाचा, हे मला साहेबांकडून कळलं तेव्हा काय वाटून घ्यावं ते कळेना.

कार्डं बसवली, तारा जोडल्या. तारांवर कारखान्याचेच नंबर होते, त्यामुळे तिथे चूक होणार नव्हती. एम्युलेटरमध्ये पत्त्यांची एक छोटी फाइल असते, तिच्यात चार ओळी लिहिल्या: हा पत्ता पेटीतल्या पहिल्या खाचेला, हा दुसऱ्या, असं. प्रोग्राम सुरू झाला. जुना हिरवा मेन्यू नव्या पडद्यावर उमटला आणि ताईंनी चक्क टाळी वाजवली. मी रुबाबात म्हणालो, "चालवा."

ताईंनी बटण दाबलं. आडवी सरक, जी मुंगीच्या चालीने पुढे यायची, ती धाडकन सुटली. सुई सरळ तबकडीच्या रोखाने. मी नुसता बघत राहिलो. ताईंचा हात मात्र लाल बटणावर आधीच पडला होता. सगळं थांबलं तेव्हा माणकाचा खडा लोखंडापासून बोटभर अंतरावर होता. तशी सुई आता जगात कुठे मिळत नाही.

ताई स्टुलावरून उतरल्या, 'आई गं' न म्हणता. पेटीपाशी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कुकू कुठं ग्येलं?"

"पुसलं," मी म्हणालो. घाबरलेला माणूस जसा ओरडतो तसा मी ओरडलो. "कार्डावर कुंकू लावतात का ताई? शॉर्ट झालं असतं म्हणजे? स्वच्छ केलं मी सगळं!"

त्या माझ्यावर चिडल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्या शांतपणे सांगू लागल्या. कारखाना चिंचवडला होता तेव्हा एकदा एजन्सीचा माणूस दुरुस्तीला आला आणि त्याने कार्डं उलटसुलट बसवली. दिसायला सारखी, पण प्रत्येक कार्डावर बारीक स्क्रू आहेत, आणि ते फिरवून ते कार्ड एकेका अवयवाला जुळवून दिलेलं आहे. जड तबकडीचं कार्ड हलक्या सरकेला लावलं की सरक अशीच उधळते. तेव्हा पंधरा दिवस मशीन बंद होतं. मग ताईंनी पेनने नंबर टाकले, ते सफाईवाल्यांनी पुसले. चिकटपट्ट्या लावल्या, त्या तेलाने सुटल्या. शेवटी खंडेनवमीला पूजा करताना त्यांच्या डोक्यात आलं. आडव्या सरकेच्या कार्डाला कुंकवाचं एक बोट, उभ्या सरकेच्या कार्डाला दोन, तबकडीच्या कार्डाला तीन, सुईच्या कार्डाला नुसती हळद. दरवर्षी त्यावरच नवीन लावायचं.

"पुज्येचं कुकू कोन पुसतंय व्हय, म्हनलं," त्या म्हणाल्या. "सफाईवाला पुसत न्हाई, साहेब पुसत न्हाई. एवढी वर्सं कुनी हात न्हाई लावला."

मला लाज वाटली. नुसती वाटली असं नाही, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मोबाइल काढून फोटो पाहिला. त्यात सगळं लख्ख दिसत होतं: एक बोट, दोन बोटं, तीन, हळद. कोणत्या खाचेत कोणतं कार्ड होतं ते आता अगदी बरोबर कळत होतं, आणि माझ्यासमोरच्या चार कार्डांपैकी कोणतं कोणतं ते कळायला मी काहीही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"ताई, चुकलो," मी म्हणालो.

"चुकला तर चुकला. आता काय करायचं ते बोला."

करता येण्याजोगं एकच होतं. कार्डं परत काढ-घाल करायची माझी छाती नव्हती, पेटीच्या जुन्या खाचा सैल झाल्या होत्या. पण एम्युलेटरचं एक बरं असतं. कार्ड जिथे बसलंय तिथेच राहू द्या, फाइलमधली ओळ बदला, की प्रोग्रामच्या लेखी पत्ता बदलला. मोटारींची वीज मी काढून टाकली, म्हणजे काही उधळायला नको. आता त्या त्या अवयवाचं चाक हाताने फिरवायचं आणि पडद्यावर आकडा बघायचा.

"एक पूर्ण फेरा मारला की आकडा किती यायला पाहिजे?" मी विचारलं.

"हजार. तिन्ही चाकांना हजार. येक इकडं न्हाई, येक तिकडं न्हाई."

शुक्रवारी सकाळी आम्ही बसलो. आडव्या सरकेची तार पहिल्या कार्डाला, फाइलमध्ये ओळ बदलली, ताईंनी चाकाचा फेरा मारला. एक हजार सदतीस. तार दुसऱ्या कार्डाला, ओळ बदलली, फेरा. नऊशे ऐंशी. तिसऱ्याला फेरा मारला आणि पडद्यावर नुसता हजार आला. ताई चाकाच्या खुणेकडे बघतसुद्धा नव्हत्या, त्या माझ्याकडे बघत होत्या आणि हात खुणेवर आपोआप थांबत होता. मी पाच-सहा वेळा फिरवायला लावलं. दर वेळी हजार.

तसंच करून तबकडीला पहिलं कार्ड जुळलं. उभी सरक मात्र अडली. उरलेल्या दोन कार्डांपैकी एकावर नऊशे एक्क्याण्णव, दुसऱ्यावर नऊशे सत्त्याण्णव. हजार कुठेच नाही. मी फाइल तपासली, तार बदलली, पुन्हा फाइल तपासली. दुपार झाली. साहेब एकदा डोकावून गेले. माझा नाकावरचा राग परत जागेवर आला आणि मी म्हणालो की बहुतेक धुताना कार्डच बिघडलं, आता सगळं संपलं.

"थांबा वाईच," ताई म्हणाल्या. "तिला ढील हाय. म्हातारी झालीया, माज्यावानी. आधी थोडं मागं घ्याचं, मग फेरा."

त्यांनी चाक उलटं फिरवून थोडं मागे घेतलं, सावकाश खुणेवर आणलं, आणि मग पूर्ण फेरा मारला. चौथ्या कार्डावर आकडा आला एक हजार तीन. तार दुसऱ्या कार्डाला, ओळ बदलली, पुन्हा मागे घेऊन फेरा. हजार. माझा जीव भांड्यात पडला. चौथं कार्ड सुईचं असणार हे आता उघडच होतं, तरी ताईंनी करंगळीच्या टोकाने माणकाचा खडा इतका हलका दाबला की मला त्यांचं बोट हललेलं दिसलं नाही. पडद्यावरचा आकडा मात्र हलला.

फाइलमधल्या चार ओळी मी शेवटच्या वेळी लिहिल्या आणि ताईंना वाचून दाखवल्या. मोटारींची वीज जोडायची हिंमत आम्हा दोघांनाही त्या संध्याकाळी झाली नाही.

शनिवारी सकाळी टेंपो गेटवर उभा होता. चाचा खोलीत येऊन दाराशी उभे राहिले, पांढरी टोपी नीट करत. "काय राव इंजिनियर, उचलायचं की नाही? साहेब म्हणतात तुम्हाला विचारा."

"चाचा, पाच मिनिटं."

ताई स्टुलावर बसल्या. गिअर लावला. एक हात लाल बटणावर ठेवून दुसऱ्याने सुरू केलं. सरक मुंगीच्या चालीने पुढे आली. सुईने पहिल्या दाताला स्पर्श केला, मग दुसऱ्या. तबकडी फिरत राहिली, कागद सरकत राहिला. खोलीत चौघे होतो, साहेबही आले होते. रेघ पूर्ण झाली तेव्हा ताईंनी कागद फाडून उजेडात धरला, मागच्या महिन्याच्या कागदावर ठेवून जुळवला आणि तो साहेबांच्या हातात दिला. लाल बटणावरचा हात त्यांनी त्यानंतर काढला.

साहेबांनी कागद पाहिला, मग खोली पाहिली. "पॅकिंगला दुसरी जागा बघतो," ते म्हणाले.

चाचा रिकामं वर्कस्टेशन तेवढं उचलून न्यायला लागले. ताईंनी त्यावर एकदा हात फिरवला. चाचांना ते दिसलं. "लगेच नाही तोडत ताई," ते म्हणाले. "ठेवतो थोडे दिवस वरच्या फळीवर."

खंडेनवमीला ताईंनी मला फोन करून बोलावलं. त्यांची नोकरीतली ती शेवटची खंडेनवमी. मशीन पुसलेलं, झेंडूची माळ घातलेली, स्टुलाच्या गादीला नवीन कव्हर. पेटीपुढे हळदकुंकवाची वाटी घेऊन ताई विचारात पडल्या होत्या.

"आता पत्ता खाचेत न्हाई ना? त्या फाइलीत हाय?"

"हो. चार ओळींत."

"दावा."

मी पडद्यावर फाइल उघडून दाखवली. त्यांनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या. "आनि ही कुनी पुसली तर?"

खरं सांगावं लागलं. "एका बटणाने पुसली जाते ताई. मी दोन ठिकाणी प्रत ठेवलीय, पण पुसणाऱ्याने ठरवलं तर पुसेल."

"माज्यामागं हितं कोन बसंल ठाव न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यानं बोलवायचं कुनाला? तुमालाच."

"मलाच."

"मग हात पुढं करा."

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी माझ्या पहिल्या बोटावर कुंकवाचा एक ठिपका लावला, मधल्या बोटावर दोन, तिसऱ्यावर तीन, आणि करंगळीला हळद. मग मशिनीला वाहतात तसं फूल ठेवून, त्या हाताला नमस्कार केला. डोळे भरून आले, ते मी डाव्या हाताने पुसले.

घरी पोचलो तेव्हा पानं वाढलेली होती. बायकोने हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि म्हणाली, "धुवा की हात, तुम्हाला कधी सांगावं लागत नाही ते!" मी चमचा मागून घेतला.